चार महिन्यांच्या बाळाला कोणतं खेळणं घ्यावं? आधी त्याचा हात बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगा नुकताच चार महिन्यांचा झालाय. दोन महिन्यांनी तुमची रजा संपेल आणि दिवसभर तो आजीजवळ राहील. मैत्रिणीने दर महिन्याला घरी येणारा ‘डेव्हलपमेंटल’ खेळण्यांचा बॉक्स लावलाय, तिची मुलगी पालथीही पडायला लागलीय, आणि तुमचा मात्र तासन्‌तास पंख्याकडे टक लावून पडून असतो. पाच-सहा हजार रुपये तुम्ही बाजूला काढलेत. सासूबाई म्हणतात, खेळणीबिळणी काही नकोत, घ्यायचाच तर वॉकर घ्या. तर नक्की काय घ्यावं?

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे रोजच्या हालचाली आणि हातांची कामं जमावीत यासाठी मदत करणारी. गेली बावीस वर्षं माझा कामाचा बहुतेक वेळ सतरंजीवर, बाळांसमोर पालथं पडून गेलाय. त्यातली बरीच अपुऱ्या दिवसांची बाळं. त्या अनुभवावरून सांगते, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. एक खरेदीचा, तो सोपा आहे. दुसरा तुम्ही उघड विचारलेला नाही: ‘माझं काही कमी तर पडत नाही ना?’ या दुसऱ्या प्रश्नाच्या धाकाने पहिल्याचं उत्तर शोधायला गेलं की घर खेळण्यांनी भरतं आणि धाक तसाच राहतो.

काही गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत आणि त्यांच्यावर बरंच अवलंबून आहे. बाळ पूर्ण दिवसांचं होतं का? सहा आठवडे आधी जन्मलं असेल तर आमच्या हिशेबात ते आज अडीच महिन्यांचंच आहे आणि पुढचं सगळं त्या वयाला धरून वाचायचं. मान कितपत सावरतो? तुमच्याकडे बघून हसतो का? माझं उत्तर हे सगळं ठीक आहे असं धरून आहे.

मैत्रिणीच्या मुलीचं आधी बाजूला ठेवू. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या निरोगी बाळांच्या हालचालींची नोंद केली होती, त्यात आपली दिल्लीतली बाळंही होती. २००६ साली ते आकडे प्रसिद्ध झाले. आधाराशिवाय बसण्याचा काळ निघाला ३.८ ते ९.२ महिने. एकट्याने चालण्याचा ८.२ ते १७.६ महिने. म्हणजे एक बाळ नवव्या महिन्यात चालतं, दुसरं सतराव्या महिन्यात, आणि दोन्ही ठणठणीत. चौथ्या महिन्यात पालथं पडणं आणि सहाव्यात पडणं यातलं अंतर कुठल्या बॉक्समुळे पडत नाही.

आता पंखा. जवळजवळ प्रत्येक घरातून मी ही तक्रार ऐकते. पांढरं छत, त्यावर गडद पाती, एकाच लयीत फिरणारी: या वयाच्या डोळ्यांना यापेक्षा सोपं आणि मजेदार दृश्य घरात दुसरं नसतं. नवजात बाळाला वीस ते तीस सेंटिमीटरवरचं बरं दिसतं, अंगावर घेतल्यावर आईचा चेहरा जितका दूर असतो साधारण तितकं. चार महिन्यांत नजर खोलीभर पोहोचते आणि पंखा हाती लागतो. काळजी करायची की नाही, याची परीक्षा सोपी आहे. तो पंख्याकडे बघत असताना त्याच्या बाजूला जा, हाक मारा, चेहरा जवळ न्या. तो पंखा सोडून तुमच्याकडे वळला, हसला, हातपाय झाडले की विषय संपला. चेहऱ्याकडे कधीच बघत नसेल, आवाजाने दचकत किंवा शांत होत नसेल, पाचवा लागूनही मान लटपटत असेल, मुठी दिवसभर घट्ट असतील किंवा एकच हात वापरून दुसरा पडून राहत असेल, तर मात्र खेळण्याचा विचार सोडून बालरोगतज्ज्ञांकडे जा. जिल्हा रुग्णालयांत यासाठी ‘डीईआयसी’ नावाची केंद्रं आहेत, तपासणी आणि थेरपी मोफत मिळते. ज्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली ती चालतात, त्याची सुरुवात २०१३ साली आपल्या पालघरमधूनच झाली. तिथे जाण्यात कमीपणा नाही. उशीर झाला की मात्र हळहळ वाटते.

खरेदीबद्दल माझा एकच नियम आहे. बाळाचा हात सध्या काय करायला धडपडतोय ते चार दिवस बघा, मग त्या हाताला साजेशी वस्तू द्या. बॉक्सवर छापलेला महिना कारखान्यात ठरतो, तुमच्या बाळाला बघून नाही. उगाच दोन महिने पुढचं खेळणं आणलं तर ते नुसतं पडून राहतं आणि आईला वाटतं बाळच मागे आहे.

चार महिन्यांचा हात काय करतो? मूठ सुटायला लागलेली असते. दोन्ही हात छातीवर एकमेकांना सापडतात आणि बाळ त्यांच्याकडे असं बघतं की जणू ते शेजाऱ्याचे आहेत. मग हात तोंडात. एखादी वस्तू समोर दिसली की हात तिच्या दिशेने भिरकावला जातो, कधी लागतो, कधी चुकतो. पाचव्या-सहाव्या महिन्यात तोच हात नेमका पोहोचतो आणि पूर्ण पंजाने वस्तू धरतो. सहा-सात महिन्यांत एका हातातली वस्तू दुसऱ्या हातात जाते. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत जमिनीवरचा चुरमुरा उचलायचं कसब नवव्या-दहाव्या महिन्याचं.

म्हणजे आज त्याला हवी आहे हलकी वस्तू, तुमच्या करंगळीएवढ्या जाडीची, म्हणजे त्याची बोटं तिच्याभोवती वळतील, धुता येईल अशी, आणि हलवली की काहीतरी उत्तर देणारी. साधा खुळखुळा या सगळ्या अटी पूर्ण करतो. हात हलला, आवाज आला. हात थांबला, आवाज थांबला. ‘हे मी केलं’ ही जाणीव त्याला पहिल्यांदा अशीच होते. बारशाला आलेला चांदीचा खुळखुळा मात्र कपाटात ठेवा. तो जड असतो, बाळाचा हात अजून बेभरवशाचा, आणि तो नेमका स्वतःच्याच कपाळावर आपटतो. जोड सुटला तर आतले दाणे बाहेर येतात ते वेगळंच.

हे झालं वस्तूचं. पण ती कशी द्यायची, यात खरा खेळ आहे.

एक प्रसंग सांगते. एक जोडपं पाच महिन्यांच्या मुलीला घेऊन आलं, सोबत खेळण्यांची भरलेली पिशवी. ‘ही काहीच धरत नाही’ अशी तक्रार. वडिलांनी खुळखुळा काढला आणि तिच्या तोंडासमोर जोरजोरात वाजवायला सुरुवात केली. तिने डोळे मिचकावले, मान वळवली. त्यांनी दुसरं खेळणं काढलं. मग तिसरं. मी सगळं पिशवीत परत ठेवायला सांगितलं आणि माझा हातरुमाल तिच्या छातीसमोर, हात पुरेल एवढ्या अंतरावर, नुसता धरून ठेवला. मनात आकडे मोजले. सातपर्यंत काही नाही. आठला एक हात हलला. बाराला रुमाल तिच्या मुठीत होता आणि पंधराला तोंडात. वडील म्हणाले, ‘आम्ही एवढं थांबलोच नव्हतो कधी.’

बहुतेक घरांत हेच होतं. आपण दोन सेकंदांत कंटाळतो. बाळाला बघायला, ठरवायला आणि हात तिथवर न्यायला दहा-पंधरा सेकंद लागतात. वस्तू त्याच्या छातीच्या समोर आणि किंचित एका बाजूला धरा. हलवायची असेल तर एकदाच हलवा. मग गप्प राहा आणि मोजा. हातात खुपसू नका. तीनदा जमलं नाही तर थोडी जवळ आणा, त्याच्या बोटांच्या पाठीला लावा; मूठ आपोआप उघडेल. आणि त्याने तोंड फिरवलं, जांभई दिली, पाठ ताणली तर खेळ संपला. ते ‘पुरे’ आहे, दुसरं खेळणं काढायची खूण नाही. या वयात एका वेळी पाच-सात मिनिटं खेळला तरी भरपूर झालं.

दुसरी गोष्ट जमिनीची. सतरंजीवर गोधडी अंथरली की तुमचा ‘प्ले मॅट’ तयार. जागं असताना बाळ दिवसातून अनेकदा पालथं हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांत रांगायला न लागलेल्या बाळांसाठी दिवसभरात मिळून किमान ३० मिनिटं सांगितली आहेत. ती एकदम नाही करायची. लंगोट बदलला की दोन मिनिटं, मालिशच्या आधी तीन मिनिटं, असं. दूध पाजल्यावर लगेच नको, उलटेल. रडत असेल तर तुमच्या छातीवर पालथा घ्या, किंवा काखेखाली टॉवेलची गुंडाळी द्या आणि तुम्ही समोर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला झोपा. झोपवताना मात्र उताणंच. आणि एक गंमत बघा: पाय पसरून, बाळाला नडगीवर पालथं घालून न्हाऊ घालायची आपल्याकडची पद्धत म्हणजे हाच व्यायाम, फक्त त्याला इंग्रजी नाव नव्हतं. तुमच्याकडे न्हाऊ घालणाऱ्या मावशी येत असतील तर त्याची रोज पाच मिनिटं तिथेच होतात.

इथे सासूबाईंकडे येऊ, कारण दोन महिन्यांनी खेळणार त्या आहेत, तुम्ही नाही. ‘खेळणी नकोत’ हे त्यांचं म्हणणं माझ्या मते पाऊण बरोबर आहे. तळहातावर बोट टेकवत मोराला बसवायचं, चारा घालायचा, पाणी पाजायचं आणि शेवटी ‘भुर्र’ म्हणून हात वर उडवायचा, हा खेळ त्यांना येत असणारच. आम्ही पालकांना मुद्दाम शिकवतो ते सगळं त्यात आहे: समोर चेहरा, ठरलेली लय, त्वचेला स्पर्श, आणि ‘भुर्र’च्या आधीचा तो किंचित थांबा. पाच-सहा वेळा झालं की बाळ त्या थांब्यावरच हसायला लागतं. पुढे काय येणार हे त्याला कळलेलं असतं. पदराआडून ‘कुक्’ करायचा खेळही तसाच. दिसेनासं झालेलं माणूस तिथेच आहे, ही समज आठव्या महिन्याच्या आसपास पक्की होत जाते, आणि तिचा सराव या पदरातच होतो. त्यांना फक्त एवढंच सांगा की बाळाने ‘अगूं’ केलं की आपणही ‘अगूं’ म्हणायचं आणि मग थांबायचं. त्याची पाळी त्याला द्यायची. मराठीत, मालवणीत, घरात जी भाषा असेल तीत. मोबाइलवरची बडबडगीतं मात्र नकोत. दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नको असं आपल्या बालरोगतज्ज्ञांची भारतीय संघटनाही सांगते. गावच्या आजोबांना व्हिडिओ कॉल करायला हरकत नाही.

बटण दाबलं की गाणारी, लुकलुकणारी खेळणी तुम्हाला भेट येतील. मी ती फेकून द्या म्हणत नाही, पण सेल काढून ठेवा असं जरूर सांगते. कारण अनुभवातलं आहे आणि अभ्यासातलंही. अमेरिकेत अ‍ॅना सोसा यांनी दहा ते सोळा महिन्यांच्या २६ बाळांच्या घरातला खेळ ध्वनिमुद्रित केला होता. इलेक्ट्रॉनिक खेळणं असताना पालक कमी बोलले, बाळाबरोबरची देवाणघेवाण कमी झाली; पुस्तक असताना सगळ्यात जास्त. खेळणंच बोलायला लागलं की घरची माणसं गप्प होतात. आणि खोक्यावर ‘मेंदूचा विकास’ लिहिलं असेल तर मोझार्टची गोष्ट आठवा. १९९३ सालच्या ज्या प्रयोगावरून ‘बाळाला मोझार्ट ऐकवा’ची टूम निघाली, तो बाळांवर झालाच नव्हता. कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर झाला होता, आणि परिणाम टिकला होता दहा-पंधरा मिनिटं.

तरी काहीतरी घ्यायचंच आहे, आणि घ्यावंही. त्यात आईबापांची हौस असते, ती मी कमी लेखत नाही. आज मी तुमच्या जागी असते तर दोन हलके खुळखुळे घेतले असते, त्यातला एक कड्यासारखा गोल. चावायला एक धुता येणारं, कमी कंगोऱ्यांचं टीदर. भिंतीला जमिनीलगत लावायचा न फुटणारा आरसा, पालथं पडल्यावर बघायला. एक कापडी किंवा जाड पुठ्ठ्याचं पुस्तक, मोठी, गडद चित्रं असलेलं. बस्स. हजाराच्या आसपास काम होईल. सहाव्या-सातव्या महिन्यानंतर एक मऊ चेंडू आणि स्वयंपाकघरातली स्टीलची वाटी, लाकडी चमचा, झाकणाचा डबा. आम्ही बाळांचा विकास तपासतो ती पेटी उघडून दाखवली तर तुम्ही निराश व्हाल: दोरीला बांधलेलं कडं, लाकडी ठोकळे, कप, चमचा, घंटा. तिच्यात चकचकीत असं काही नाही. मैत्रिणीच्या बॉक्सला मी नावं ठेवत नाही. त्यातली लाकडी कडी बहुधा चांगली असतील. पण तिने वापरलेलं तुम्ही दोन महिन्यांनी धुऊन घेतलंत तरी चालेल. आणि समोर एका वेळी दोनच वस्तू. बाकीच्या टोपलीत, आठवड्याने अदलाबदल करायची.

सुरक्षिततेबद्दल मी जरा कडक आहे. हाती येईल ते तोंडात जाणारच, आणि जायलाच हवं. तोंड हे त्याचं तपासायचं साधन आहे. म्हणून वस्तूच तशी हवी. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाचं एक नळकांडं वापरतात. त्यात जे पूर्ण मावतं ते घशात अडकू शकतं. दहा रुपयांचं नाणं त्यात आरामात जातं. घरी टॉयलेट रोलची पुठ्ठ्याची नळी घ्या. तिच्यातून जे पडतं ते बाळाजवळ नको. घुंगरू, शिवलेले मणी, बटणाचे डोळे ओढून बघा. बटण सेल (बटणासारखा छोटा, चपटा, गोल सेल) असलेल्या खेळण्याचं झाकण स्क्रूचं नसेल तर ते घरातच नको. गिळलेला सेल दोन तासांत अन्ननलिका भाजू शकतो. पाळण्यावरचं चिमणाळं छान, पण पाचव्या महिन्यात, किंवा त्याआधीच तो हातांवर जोर देऊन उठायला लागला तर तेव्हा, उतरवायचं, कारण मग तो दोरी ओढणार.

१ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची आहे, ती बघून घ्या. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूट आहे, त्यामुळे सावंतवाडीच्या चितार आळीतून आणलेल्या खेळण्यावर खूण नसली म्हणजे ते वाईट असं नाही. मात्र तिथली रंगवलेली फळं बघायला आणि पुढे भातुकलीला. चावायला ती नाहीत. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग उतरतो का एवढं घरी कळतं. रंगात शिसं आहे का, ते या घासण्याने कळत नाही, म्हणून तोंडात जाणारं खेळणं बिनरंगी लाकडाचं किंवा खूण असलेलं बरं.

राहिला वॉकर. सासूबाईंचं न पटणारं पाव म्हणणं हेच. बाळाला मधोमध बसवून चाकांवर सोडायचा वॉकर मी कुणालाच सुचवत नाही. कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदी घातली. त्यात बाळ चवड्यांवर ढकलत राहतं, तोल सावरायला शिकत नाही, लवकर चालतही नाही. पण उंबरठ्यावरून, जिन्यावरून, गॅसजवळच्या कढईपर्यंत मात्र पापणी लवायच्या आत पोहोचतं. त्यांना तोंडावर ‘नको’ म्हणायची गरज नाही. पांगुळगाडा आणूया म्हणा, आणि शोधायचं काम त्यांच्यावरच सोपवा. पांगुळगाड्यात बाळ आत बसत नाही, मागे स्वतःच्या पायांवर उभं राहून ढकलतं; दोन्हींत फरक तो एवढाच, पण तोच महत्त्वाचा. लाकडी, जरा वजनदार, रुंद बुडाचा बघायला सांगा. तुमच्या बजेटमधले उरलेले पैसे त्याला लागतील. फक्त तो धरून उभा राहायला लागेपर्यंत, म्हणजे साधारण दहाव्या-अकराव्या महिन्यापर्यंत, गाडा पलंगाखाली राहू दे.